दोन विहिरींमधली सब्बल

मित्रांनो, पुण्या-साताऱ्याकडचे लोक जिला पहार म्हणतात, तीच मी. आमच्या भंडारा जिल्ह्यात मला सब्बल म्हणतात आणि मलाही तेच नाव आवडतं, कारण ते उच्चारताना माणसाला जरा दम लावावा लागतो. मी जुनी आहे, बरीच जुनी. माणसाच्या खांद्याला लागेल एवढी उंच, मुठीत बरोबर बसेल एवढी जाड, एका टोकाला अणकुचीदार आणि दुसऱ्या टोकाला चपटी. सुंदर म्हणावं असं माझ्यात काही नाही. पण कुठल्याही सुंदर वस्तूने खडक फोडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

या जन्माआधी मी एका ट्रकचा अ‍ॅक्सल होते. पवनीकडून धानाची पोती भरून आमचा ट्रक तुमसरच्या राइस मिलमध्ये जायचा. ट्रक म्हातारा झाला, मोडीत निघाला आणि मी वरठीच्या एका भंगारवाल्याच्या अंगणात येऊन पडले. तिथे एक दिवस भय्याजी आला. त्याने मला उचलून एका दगडावर आपटलं आणि आवाज नीट ऐकला. मग दुकानदाराला म्हणाला, "हे देऊन टाक गा मले. याच्यात जीव आहे." लोखंडात जीव आहे असं म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मी त्याच दिवशी त्याची झाले.

आंधळगावच्या कृष्णराव लोहाराने मला भट्टीत घातलं, लाल केलं, ठोकलं, ताणलं आणि शेवटी टोकाला पाणी दिलं. पाणी देणं म्हणजे तापलेलं टोक बेताने बुडवून कडक करणं. जास्त बुडवलं तर टोक काचेसारखं तुटतं आणि कमी बुडवलं तर वाकतं. कृष्णरावाच्या हाताला तो बेत ठाऊक होता, म्हणूनच मी आज तुमच्याशी बोलते आहे.

भय्याजी विहिरी खोदायचा. मोहाडी तालुक्यात आणि खाली पवनीपर्यंत त्याने किती विहिरी खोदल्या, ते त्यालाही सांगता येणार नाही. त्या प्रत्येक विहिरीत मी होते. पण विहिरी हे त्याचं पोट होतं आणि ढोलकी हे त्याचं वेड. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. त्या जत्रेत रात्रभर खडी गंमत चालते. गाणी, सवाल-जवाब, सोंगं, सगळं उभ्याने. भय्याजी त्या पार्टीचा ढोलक्या. एरवी विहिरीच्या तळाशी तो टोपलं भरून वर पाठवायचा आणि ते रिकामं होऊन परत येईपर्यंत मला खडकावर वाजवत बसायचा. वरून त्याची बायको शकुंतलाबाई ओरडायची, "घरी ताट दिसलं का ताटावर, आन इथं सब्बल दिसली का सब्बलीवर! या मानसाच्या हाताले चैन नाई!" ती चिडून बोलायची, पण तिचा पायही वर त्याच तालात हलत असायचा. तो हादरा मला खाली कळायचा.

चांगले दिवस होते ते. नवीन विहिरीला पाणी लागलं की लोक मला हळद-कुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि त्याचं पाणी माझ्या टोकावर ओतायचे. मला त्याचा गर्व वाटायचा. तो मी लपवणार नाही.

मग गावात बोअरच्या गाड्या आल्या. धडाधड भोकं पडू लागली आणि भय्याजीला कोणी बोलावेनासं झालं. मला गोठ्यामागे जमिनीत ठोकून शकुंतलाबाईने माझा खुंटा केला. एक शेळी माझ्याभोवती गोल फिरायची आणि अंग घासायची. खडक फोडणाऱ्या सब्बलीला शेळी राखायला लावलं होतं! काही वर्षं मी ते सोसलं. पावसात गंज चढला. मित्रांनो, त्या दिवसांत मी मनाने जरा खचले होते, हे खरं आहे.

पण बोअरही आटतात. भोजराजचा बोअर आटला आणि तो भय्याजीकडे आला. भोजराज म्हणजे आमच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, धानवाला शेतकरी, घरी मुलगा निकेश, सून आणि नुकती चालायला लागलेली नात गुड्डी. त्याची जुनी विहीर कोरडी पडली होती. भय्याजीने विहिरीत उतरून ओल पाहिली आणि सांगितलं, "पानी आहे गा, पन आडवं आहे. तळाशी बोगदा मारावा लागते." असा बोगदा आमच्याकडे पूर्वी खूपजण मारत. विहिरीच्या तळातून झऱ्याच्या दिशेने वाकून चालता येईल एवढा आडवा रस्ता खोदायचा आणि त्याला थोडा चढ ठेवायचा, म्हणजे पाणी आपोआप विहिरीत उतरतं. शेळी सोडली, मला उपटलं आणि कृष्णरावाकडे नेऊन नवं टोक काढलं. मला पुन्हा काम मिळालं!

आता एक अडचण सांगते. तो झरा ज्या दिशेने होता, त्याच दिशेला भोजराजच्या धाकट्या भावाची, राजकुमारची विहीर होती. तीही काही वर्षांपूर्वी भय्याजीने आणि मीच खोदली होती, म्हणून आम्हा दोघांना ती आतून ठाऊक होती. राजकुमारच्या विहिरीत उन्हाळी धानासाठी पाणी साठलेलं होतं. त्यामुळे मध्ये खडकाचा जाड पडदा राखून अलीकडेच थांबायचं, असं भय्याजीने ठरवलं होतं. पडदा फुटला तर भरल्या विहिरीचं पाणी बोगद्यात घुसून आतल्या माणसांना मागे फिरायलाही वेळ देणार नाही.

दोन्ही भावांचं बोलणं बंद होतं. कारण ऐकाल तर हसाल. दोघांच्या शेतांमधल्या बांधावर, म्हणजे आमच्या भाषेत धुऱ्यावर, एक मोहाचं झाड आहे. वाटणीत शेत वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली आणि झाड कोणाचं ते ठरवायचं राहून गेलं. चैत्रात मोहफुलांचा सडा पडायचा आणि दोन्ही घरच्या टोपल्या एकाच वेळी झाडाखाली यायच्या. एका वर्षी शब्दाला शब्द लागला. तेव्हापासून या घरचा माणूस धुरा ओलांडून त्या शेतात पाय टाकत नव्हता आणि त्या घरचा इकडे फिरकत नव्हता. फुलं मात्र दोघांच्याही अंगणात वाळत होती.

आणि याच हट्टाने घात केला. विहिरीतून निघालेला दगड-मुरूम टाकायला सगळ्यांत सोयीची मोकळी जागा धुऱ्यापलीकडे होती. पण तिथे टोपलं घेऊन जाणार कोण? भोजराजने जाऊ दिलं नाही आणि भय्याजीनेही लावून धरलं नाही. ढीग विहिरीच्या काठावरच वाढत गेला. माणसाच्या उंचीएवढा झाला, मग त्याहून उंच झाला.

एके दिवशी अवकाळी पाऊस आला. गारा पडल्या, विजेचे खांब आडवे झाले, काठावरचा ढीग भिजून जड झाला. दुसऱ्या सकाळी ऊन पडलं, सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. भय्याजी आणि निकेश बोगद्यात उतरले. भय्याजी मला चालवत होता, निकेश टोपलं भरत होता. आम्ही बरेच आत होतो. अचानक मागून असा आवाज आला की माझ्या अंगाला कंप सुटला. ढीग, त्याखालची जुनी बांधणी आणि टोपलं ओढायची यारी, सगळं एकदम विहिरीत कोसळलं होतं. बोगद्याचं तोंड बंद झालं.

धूळ खाली बसायला वेळ लागला. भय्याजीच्या डोक्याला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात फक्त दोन माणसं आणि मी दिसत होतो. निकेश मलब्याकडे धावला आणि हाताने उपसू लागला. एक ओंजळ काढली की वरून दोन ओंजळी खाली येत होत्या.

"सोड ते, निकेश," भय्याजी म्हणाला.

"कायले सोडू? इथंच मरू का मंग? माही गुड्डी आहे ना घरी!"

"गुड्डी आहे म्हनूनच सांगून राहिलो. तू जेवढं काढशीन, तेवढं वरून येईन. खाली पाय पाहा आपले."

निकेशने खाली पाहिलं. पायाखाली पाणी होतं. झरा आपलं काम करत होता, पण पाण्याला बाहेर जायची वाट आता नव्हती. ते हळूहळू चढत होतं. निकेश मटकन बसला आणि रडू लागला. भय्याजीने त्याला रडू दिलं. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "झालं? आता उठ. मागचा रस्ता बंद झाला, तर पुढचा करू. तुह्या काकाची विहीर समोरच आहे."

"तिच्यात पानी आहे ना गा काकाजी! पडदा फुटला का बुडून मरू आपन."

"आहे तर. म्हनून आधी त्यायले विहीर उपसाले लावायची आन मंग फोडायचं."

"कसं लावता? मोबाइलले नेटवर्क नाई इथं."

भय्याजी हसला. खरोखर हसला, मित्रांनो. त्याने मला उचललं आणि म्हणाला, "हा आहे ना आपला मोबाइल."

आधी आम्ही पडदा पातळ करायला घेतला. भय्याजी बोगद्याच्या टोकाला, म्हणजे चढावर बसून घाव घालत होता. निकेश दगड मागे सारत होता. मी आयुष्यात इतकी जपून कधीच वागले नव्हते. प्रत्येक घावानंतर भय्याजी थांबायचा, माझ्या चपट्या टोकाने खडक ठोकून बघायचा. काही वेळाने खडकात एक काळा पट्टा दिसू लागला. तो मी लगेच ओळखला. राजकुमारच्या विहिरीच्या भिंतीत हाच पट्टा होता. भय्याजीनेही ओळखला. त्याने माझं टोक खडकाला टेकवलं, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि म्हणाला, "पलीकडं पानी आहे. बस, आता फोडाचं नाई. आता वाजवाचं."

त्याने घाव घातले. एक, मग दुसरा, मग तिसरा. थांबून कान लावला. पलीकडून काहीच नाही. पुन्हा तेच केलं. निकेशही ओरडला, पण खडकातून माणसाचा आवाज किती जाणार? पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं.

वर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. कळलं कसं, तेही सांगेन. वर सगळं गाव जमलं होतं. वरठीकडून मशीन आली होती, पोलीस आले होते आणि सगळेजण भोजराजच्या विहिरीतला मलबा काढायला लागले होते. मुरूम ओला होता. मशीनने उचलला की बाजूचा घसरत होता. भोजराज काठावर डोकं धरून बसला होता. शकुंतलाबाई मात्र रडत नव्हती. कोणी तिला "बाई, देवाचं नाव घ्या" म्हटलं, तर ती म्हणाली, "देवाचं नाव मंग घेईन. आधी मले माह्या मानसाले बाहेर काढू द्या."

धुऱ्यापलीकडे राजकुमारची बायको ताराबाई उभी होती. लोकांना प्यायला पाणी द्यावं असं तिच्या मनात होतं, पण धुरा ओलांडायची हिंमत होत नव्हती. निदान कळशी भरून धुऱ्यावर ठेवावी म्हणून ती आपल्या विहिरीवर गेली, वाकली आणि तशीच थबकली. विहिरीतून आवाज येत होता. मशीनचा आवाज घुमत असेल, असं तिला वाटलं. कळशी तशीच ठेवून ती परत फिरली.

खाली भय्याजीने मला मांडीवर घेतलं. साधे घाव म्हणजे कुठलाही आवाज. मशीनही तसाच आवाज करते, पडणारा दगडही तसाच करतो. त्याला हे उमगलं असावं, कारण तो एकदम सरळ बसला. "पोट्या," तो निकेशला म्हणाला, "खडी गंमत पाहिली ना तू माही?"

"पाहिली ना."

"मंग धर ताल. टाळ्या वाजव. मले एकट्याले जमत नाई."

आणि त्याने खडकावर गण लावला. मंडईत खेळ सुरू होताना जी थाप पडते, तीच. आधी संथ, मग दोन झटके, मग धावती. त्या अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात निकेश टाळ्या वाजवत होता आणि मी खडकावर नाचत होते. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मला मंडईतल्यासारखंच वाटत होतं. भय्याजीच्या हातात भीती नव्हती, मग माझ्यात कुठून येणार?

ताराबाई धुऱ्यापर्यंत पोचली नव्हती, तोच मागे तिची विहीर वाजू लागली. या खेपेला तिने कळशीबिळशी पाहिली नाही. धुऱ्यावर उभी राहून ती ओरडली, "शकुंतलाबाई! लवकर या वो! आमची विहीर वाजून राहिली!"

इतक्या वर्षांत धुरा ओलांडणारी पहिली बाई म्हणजे शकुंतलाबाई. ती धावतच गेली. मशीन चालवणाऱ्याने ते पाहिलं आणि न सांगता मशीन बंद केली. सगळीकडे शांत झालं. शकुंतलाबाई काठावर पालथी पडली, डोकं विहिरीत घातलं आणि ऐकू लागली. मग उठून बसली. आता मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"ह्यायचाच हात होय," ती म्हणाली. "दुसऱ्या झटक्याले उशीर करते हा मानूस. जल्मभर सांगून राहिली मी, दुसऱ्या झटक्याले उशीर करू नका म्हनून!"

तालातली ती चूक आज ओळख म्हणून कामी आली.

भोजराज तोवर मागोमाग आला होता. बोगदा इकडेच येतो हे त्याला ठाऊक होतं. त्याने लोकांना सांगितलं, पोलिसांना सांगितलं, फक्त भावाकडे पाहत नव्हता. राजकुमारला सगळं समजलं. विहीर उपसायला हवी. पण मोटर लावणार कशी? खांब पडले होते, लाइन नव्हती. डिझेल इंजिन होतं ते भोजराजच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात. इंजिन एकट्याने उचलण्यासारखं नव्हतं. राजकुमार धुरा ओलांडून सरळ भावाच्या कोठ्यात शिरला, इंजिनाला हात घातला आणि म्हणाला, "दादा, तिकडून धर."

भोजराजने धरलं.

खाली भय्याजीचा कान माझ्यावर होता. थोड्या वेळाने माझ्या अंगातून बारीक धडधड जाऊ लागली. "लागलं!" तो म्हणाला. "इंजिन लागलं, निकेश!" निकेशने माझ्या टोकाला कान लावला आणि पुन्हा रडला, पण या वेळी वेगळं रडला. दोघं बोगद्याच्या वरच्या टोकाला सरकून बसले. बॅटरी मिणमिणत होती. श्वास जड झाला होता.

आणि मग धडधड थांबली.

पाणी छातीपर्यंत होतं. निकेशने मला ओढलं. "झाली विहीर खाली! फोडा काकाजी!"

"थांब."

"थांबू कसं? नाकात पानी जाईन आता!"

"इंजिन बंद पडलं म्हंजे विहीर खाली झाली असं होत नाई. डिझल सरलं असंन, हवा धरली असंन. आता फोडलं आन पलीकडं पानी असलं, तर वाजवाले कोनी उरनार नाई."

निकेशचे हात माझ्यावर होते आणि भय्याजीचेही. दोघं मला आपापल्याकडे ओढत होते. निकेश तरणा होता, त्याने हिसका दिला असता तर भय्याजीला आवरलं नसतं. एक क्षण मी कोणाची होईन ते मलाही कळेना. मग निकेशने हात सोडले. "तुम्ही म्हनान तसं," तो म्हणाला. मित्रांनो, मी खूप घाव घातले आणि घाव घालण्याबद्दल कौतुकही खूप मिळवलं. पण थांबायला किती बळ लागतं, ते मला त्या पोराच्या हातांनी शिकवलं.

इंजिन पुन्हा लागलं. खरोखरच हवा धरली होती. बराच वेळ धडधड चालली आणि मग पुन्हा बंद झाली. आता पाणी खांद्याला लागलं होतं. भय्याजी मला खडकाला टेकवून ऐकत राहिला. आणि अगदी जवळून, पडद्याच्या पलीकडून, हातोडीची थाप आली. एकदा नाही. गण संपल्यावर झीलकरी जी साथ देतात, नेमकी तीच.

"राजकुमार," भय्याजी हलकेच म्हणाला. "भांडनाच्या आधी माह्या पार्टीत झील धरे तो."

मग मी जो घाव घातला, तसा त्याआधी कधी घातला नव्हता आणि नंतरही घातला नाही. दुसऱ्या नाही तर तिसऱ्या घावाला टोक पलीकडे निघालं. उजेड आत आला. बोगद्यातलं पाणी त्या भोकातून रिकाम्या विहिरीत धो धो उतरू लागलं. राजकुमार दोराने बांधलेल्या खाटेवर खाली आला होता. त्याने पलीकडून माझं टोक धरलं. आतून भय्याजी ढकलत होता, बाहेरून तो ओढत होता. भोक मोठं होत गेलं.

माणूस जाईल एवढं झालं आणि वरची शिळा खाली सरकली. भय्याजीने एका क्षणात मला उभं केलं. टोक जमिनीत रोवलं, चपटं टोक शिळेखाली घातलं आणि खालून दगडाची पाचर ठोकली. शिळा माझ्यावर बसली. मित्रांनो, ट्रकभर धानाचं ओझं मी पूर्वी पेललं होतं, पण ते चाकांवर होतं. हे नुसतं माझ्यावर होतं. मी कण्हले, पण वाकले नाही.

आधी निकेश गेला. राजकुमारने त्याला काखेत धरून ओढला आणि खाटेवर घेतला. काका-पुतण्या काय बोलले ते मी ऐकलं नाही, दोघंही नुसते हुंदके देत होते. मग भय्याजी. बाहेर निघण्याआधी तो वळला. त्याने मला अंधारातून कितीदा उचललं होतं, कितीदा खांद्यावर टाकून घरी नेलं होतं, पण माझ्याशी तो कधीच बोलला नव्हता. त्या दिवशी त्याने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "धरून ठेवजो वो माय."

आणि तो गेला. वर आनंदाचा कल्लोळ झाला. शकुंतलाबाईचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता आणि ती नवऱ्याला रागावत होती.

मी मात्र अजून इथेच आहे.

मला काढलं तर शिळा पडेल आणि शिळा पडली तर बोगदा बुजेल, म्हणून मला कोणी काढलं नाही. ते बरोबरच आहे. भोजराजच्या विहिरीतला मलबा पुढे सगळ्यांनी मिळून काढला. आता एकाच झऱ्याचं पाणी माझ्या पायाशी वाहतं आणि दोन्ही विहिरींत जातं. इंजिन कोणी कधी लावायचं यावरून दोन भाऊ अजून वाद घालतात, पण समोरासमोर उभं राहून घालतात. शकुंतलाबाई आणि ताराबाई विहिरीवर बसून गप्पा मारतात. त्या दिवसाची गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की वर घडलेलं सगळं मला तोंडपाठ झालं. पावसाळ्यात पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. दिवाळीनंतर एकदा लांबून ढोलकी ऐकू आली आणि दुसऱ्या झटक्याला उशीर झाला, तेव्हा भय्याजी सुखरूप आहे हे कळलं.

मी खूश आहे. इतकं मोलाचं काम मला कधीच मिळालं नव्हतं. पण परवा विहिरीवर कोणीतरी विचारलं, "त्या सब्बलीचं काय? टिकंन का ते?" तर दुसरा म्हणाला, "काई होत नाई तिले. लय मजबूत आहे."

मित्रांनो, या बोलण्याचीच मला भीती वाटते. मी मजबूत आहे हे खरं आहे. पण मी लोखंड आहे आणि पाण्यात उभी आहे. गंजाचे पापुद्रे रोज थोडे थोडे गळून वाहून जातात आणि ते वरून कोणाला दिसत नाहीत. जो तक्रार करत नाही त्याला काही होत नाही, असं समजू नका. तुमच्या घरात, तुमच्या गावातही कोणीतरी मुकाट्याने शिळा पेलून उभं असेल. त्याच्यापाशी जा, हात लावून बघा, थोडा भार आपल्या अंगावर घ्या.

चैत्रात पाणी उतरेल. तेव्हा कोणीतरी बॅटरी घेऊन खाली या. शिळेखाली दगडाची पक्की चौकट बसवा आणि मग मला सोडवा. तोवर मी धरून ठेवते.